अवसेचं पाणी

शिरगावच्या चढणीवर मालिनीच्या सायकलची चेन निसटली, तेव्हा मागून येणारा तो उंच तरुण उतरला नसता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण तो उतरला. चेन बसवता बसवता त्याने काळ्या हातानेच घाम पुसला, कपाळावर ऐसपैस पट्टा उमटला, आणि मालिनीला हसू आवरेना.

"हसा, हसा! नाव तरी सांगा हसणारीचं."

"मालिनी. शाळेत शिकवते. तुमचं?"

"परशुराम."

"अगोबाई! मग परशू कुठे ठेवलात?"

"घरी. आज नुसता पान्हा आणलाय."

झालं! दिवाळीनंतरच्या त्या शनिवारपासून अर्धी शाळा सुटली की दोन सायकली जोडीने निघू लागल्या. रत्नागिरी मागे टाकायची, समुद्र डाव्या हाताला धरून एकेक वाडी ओलांडायची, सुरूच्या बनातून खाडीवर यायचं, आणि भागोजीच्या होडीत सायकली आडव्या घालून पलीकडे उतरायचं. मालिनीचं घर पलीकडच्या काठाला, परशुरामाची आंब्याची बाग त्याच्याही पुढे. वाटेत तो बोलायचा, ती चिडवायची. मनातलं मात्र दोघंही बोलत नव्हती.

सत्त्याऐंशी सालचा पौष मळभ घेऊन आला. दिवसच्या दिवस ऊन नाही. परशुरामाच्या बागेतला मोहोर काळा पडला आणि हात लावला की झडू लागला. फवारणी करून करून माणसं थकली.

महिनाअखेरच्या शनिवारी तो शाळेच्या फाटकाशी आला, तो तोंड पाडूनच. सुरूच्या बनापर्यंत तो पुढेपुढेच पेडल मारत राहिला. मग सायकलवरून उतरून म्हणाला, "सोमवारी मुंबईला जातोय. मामाच्या छापखान्यात."

मालिनीही उतरली. "आणि बाग?"

"दादा बघेल. या वर्षी बघण्यासारखं आहे काय तिथे?"

सोमवार! म्हणजे जे काय बोलायचं ते आजच... आणि हा तर नुसता घंटी चाळवत उभा!

"थोडं बसू या?" तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत असतं पाणी खाडीला."

मालिनीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. आज अवस. आईने सकाळीच बजावलं होतं, अवस आहे, वेळेवर घरी ये. अवसेला खाडी भर दुपारी तुडुंब भरते आणि दिवेलागणीला पार रिकामी होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तिने सायकल झाडाला टेकवली. चपला काढून सुरूच्या काड्यांवर बसली.

आभाळ खाली उतरलं होतं. समुद्र शिसवी दिसत होता. दोघं बसून राहिली, इकडचं तिकडचं बोलत.

संध्याकाळी खाडीवर आली, तर होडी चिखलात कलंडलेली. भागोजी विडी ओढत बसला होता.

"आता कुठलं पानी, बाय? आज आवस नाय काय?" तो परशुरामाकडे बघून हसला. "तुमाला ठावं नव्हतं व्हय, भाऊ? बसा आता, पानी लागंपरत."

भागोजी चहा टाकायला खोपटात गेला. मालिनी हळूच म्हणाली, "खाडीकाठी वाढलेला माणूस ही चूक करत नाही."

परशुराम वाळूकडे बघत राहिला. "नाही करत."

"मग?"

"होडीत बसलो असतो की पलीकडे तू घरी गेली असतीस. मी... मला तू फार आवडतेस, मालिनी. पण मोहोर जळालेल्या बागेचा मालक तुझ्या अण्णांपुढे कुठल्या तोंडाने उभा राहणार?"

मालिनीचे डोळे भरून आले, आणि रागही आला. तीन महिने या एका वाक्यासाठी ती चढणी चढली होती.

"आणि अवस मला ठाऊक नव्हती असं वाटलं तुम्हाला?"

त्याने मान वर केली. मग त्याचा हात तिच्या हातावर आला, आणि तिने तो तसाच राहू दिला.

अंधार पडून बराच वेळ झाल्यावर पाणी चढलं. भागोजीने होडी ढकलली. पलीकडे तिच्या दारात कंदील हलत होता. आई वाट बघत होती.

"पुढच्या साली मोहोर धरला की येईन," काठावर सायकल उतरवून देताना परशुराम म्हणाला. "सरळ अण्णांकडेच येईन."

"आणि नाही धरला तर?"

त्याने सायकलची मूठ तिच्याकडे वळवली. मालिनीने सायकल हातात घेतली, चार पावलं गेली, आणि वळली.

"मोहोर नसला तरी ये," ती म्हणाली. "आणि परशुराम... भरती बघून ये. आता मला थांबवत नाही रे."