हं येईपर्यंत

चिंचपोकळी स्टेशनच्या पुलावरून उतरलं की डाव्या हाताला पत्र्याच्या गाळ्यांची एक रांग लागते. त्यातल्या शेवटच्या गाळ्यात हितेंद्र इन्व्हर्टर दुरुस्त करतो. रविवारी सकाळी मात्र तिथे गिऱ्हाईक येत नाही, जुन्या यंत्रांचे वेडे येतात. कुणाच्या पिशवीत टीव्हीला जोडायचा चाळीस वर्षांपूर्वीचा संगणक असतो, कुणाच्या खिशात पडद्यावर आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. त्या टीचभर कॅल्क्युलेटरवर सापशिडी खेळता यावी म्हणून ही शिकलीसवरलेली माणसं महिना महिना घालवतात, आणि मग वड्याचे तेलकट हात शर्टाला पुसत एकमेकांना ती सापशिडी दाखवतात.

कांता तिथे पहिल्यांदा गेली ती गिऱ्हाईक म्हणूनच. घरच्या संगणकाचा अडॅप्टर जळला होता. तिने पिशवीतून ते रबरी बटणांचं काळं यंत्र काढलं, तेव्हा हितेंद्रने आधी आपले हात धुतले आणि देव्हाऱ्यातला टाक उचलावा तसं ते दोन्ही हातांनी घेतलं. अडॅप्टरचे पैसे त्याने घेतले नाहीत. रविवारी येत जा मावशी, एवढंच म्हणाला. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईला कुणी कुठे ये म्हणायचे दिवस सरले होते. ती जायला लागली.

संगणक तिच्या नवऱ्याचा, सीतारामचा. गिरणीच्या टाइम ऑफिसात होता तो. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि त्याच सुमारास त्याच्या चुलतभावाने मस्कतहून हे यंत्र आणलं. भावाला त्यात गोडी वाटेना, सीतारामला वाटली. फोर्टातल्या पदपथावरून तो जुनी इंग्रजी मासिकं आणी. त्यांत पानंच्या पानं प्रोग्रॅम छापलेले असत. कांता एकेक ओळ मोठ्याने वाचायची, तो टाइप करायचा. ओळ पुरी झाली की म्हणायचा, "हं." मग ती पुढची वाचायची. एखादा स्वल्पविराम जरी चुकला तरी हं यायचं नाही, ती थांबून राहायची. ओळ पुरती ऐकल्याशिवाय आणि नीट उतरल्याशिवाय सीतारामने कधी हं म्हटलं नाही. शेजारच्या शेवंतीबाई भिंतीपलीकडून विचारत, "काय गो कांता, रोज पोथी वाचतंस काय घोवाक?" आणि अख्खा मजला हसायचा.

प्रोग्रॅम पुरा झाला की तो कॅसेटवर उतरवायचा. त्याआधी सीताराम माइक तोंडाशी धरून प्रोग्रॅमचं नाव घ्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी कॅसेट लावली की आत काय आहे ते ऐकूनच कळावं. मग माइक काढून संगणकाची वायर जोडायची, आणि चिरकी किरकिर सुरू व्हायची. तोच तो प्रोग्रॅम.

सीताराम गेल्याला तीस वर्षं होऊन गेली होती. फोटो होते. त्याचे शब्द तिला सगळे आठवत होते, पण आवाज गेला होता. कधी गेला ते कळलंही नव्हतं. एक दिवस तिने मनात त्याला बोलायला लावलं, आणि तो तिच्याच आवाजात बोलला. तेव्हापासून त्या कॅसेटींचा डबा तिने जिवापाड जपला होता. लावल्या मात्र नव्हत्या. जुनी फीत तुटली तर, ही धास्ती.

म्हणून तर तिने डबा या मंडळींच्या हवाली केला. चाळ पाडायची ठरली होती, मजले ओस पडले होते. सगळ्यात शेवटी राहिली होती ती कांता, आणि तीही लवकरच भाचीकडे, अनुजाकडे, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये जायची होती. तिथे एक खाट मावेल एवढीच जागा. यंत्र हितेंद्रने ठेवून घ्यायचं आणि कॅसेटींतलं सगळं काढून तिला द्यायचं, असं बोलणं झालं होतं.

जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, शेफालीने डबा परत आणला. कॉलेजात गणित शिकवणारी मुलगी, कॅल्क्युलेटरची वेडी. मोठ्या आनंदात तिने नखाएवढं मेमरी कार्ड कांताच्या तळहातावर ठेवलं. एकही प्रोग्रॅम वाया गेला नव्हता. फितींची मात्र माती झाली होती. एकदा वाजवली की वरचा लेप तपकिरी भुकटी होऊन टेपच्या हेडला चिकटत होता, दुसऱ्यांदा काही ऐकू येत नव्हतं.

"आणि आधीचं?" कांताने विचारलं. "किरकिरीच्या आधीचं. ह्यांचं बोलणं."

शेफाली हितेंद्रकडे बघायला लागली. त्या कामाला ही माणसं जे सॉफ्टवेअर वापरतात, ते फक्त संगणकाची किरकिर उचलतं. बाकी खरखर, खोकला, बोलणं, सगळं कचरा म्हणून गाळून टाकतं. तेच त्याचं कौतुक. मूळ आवाज वेगळा ठेवावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या लेखी कॅसेटमध्ये प्रोग्रॅम असतो.

कांता स्टुलावर बसून राहिली. रागावण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. शेफालीच्या डोळ्यांत पाणी आलं, तर उलट कांतानेच तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिला आठवलं, घरच्या टेपमध्ये एक कॅसेट अडकून राहिलेली आहे. झाकणच उघडत नव्हतं म्हणून ती डब्यात आली नव्हती.

हितेंद्रने लगेच शटर ओढलं, आणि तिघं कांताच्या चाळीकडे निघाली.

लालबागेत दुपारचं ऊन होतं. रविवार म्हणून मसाला कुटायचे डंख बंद, पण भाजलेल्या मिरचीचा ठसका हवेत होताच. चाळीचं पाणी शनिवारीच तोडलं होतं. जिन्यावरच्या पायऱ्यांना मधोमध खळगे पडलेले, मजल्यावर सगळीकडे कुलपं, काही ठिकाणी दारंही काढून नेलेली. कांताच्या खोलीत बांधलेली बोचकी होती, खाट होती, आणि खिडकीसमोरच्या भिंतीपाशी असलेल्या टेबलावर यंत्र, टेप आणि छोटा टीव्ही.

हितेंद्रने झाकण सोडवलं. शेफालीने या खेपेला लॅपटॉपवर सगळा आवाज जसाच्या तसा घ्यायची तयारी केली, दोनदा तपासली. कांताने पदर सावरला. हितेंद्रने बटण दाबलं.

खरखर आली. नुसती खरखर. मग एकदम किरकिर.

नाव नव्हतंच.

किरकिर थांबेपर्यंत तिघंही तशीच उभी राहिली. पडद्यावर प्रोग्रॅम उतरला होता, पण अर्धाच. तेव्हा कांताला आठवलं. हा शेवटचा. तो पुरा व्हायच्या आत सीतारामला परळच्या इस्पितळात नेलं होतं. आणि अर्धवट प्रोग्रॅमला तो नाव देत नसे. जन्माच्या आधी बारसं नको, म्हणायचा.

"असू दे," ती म्हणाली. "जमलं नाही, जमलं नाही."

पण शेफालीला काहीतरी भरपाई करायची होती. मासिक आहे का, तिने विचारलं. होतं, बोचक्यातच होतं. भरती-ओहोटीचा आलेख काढायचा प्रोग्रॅम. सीताराम देवगडकडचा. लालबागेत बसून समुद्र चढतोय की उतरतोय ते कळत नाही, ही त्याची जन्माची तक्रार. उरलेला पुरा करूया मावशी, हितेंद्र म्हणाला. तुम्ही वाचा, मी टाइप करतो.

कांता उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून बसली. टेबल तिच्या पाठीशी आलं. तेव्हाही ती अशीच बसायची. पहिल्या दोन-तीन ओळींना जीभ अडखळली, मग चाल सापडली. आकडे, कंस, अक्षरं. ओळ संपली की मागे रबरी बटणांची टपटप. मग हं. मग पुढची ओळ. समोरच्या अर्ध्या पाडलेल्या चाळीच्या भिंतीवर कुणाच्या तरी मोरीच्या निळ्या टाइल दिसत होत्या. तिला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

एका ओळीला हं आलं नाही. ती थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, "बघ रे परत. कंस राहिला असेल."

हितेंद्रने पाहिलं. राहिला होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"हं म्हणाला नाहीस ना."

मागे कुणी काही बोललं नाही. टपटप झाली. मग हं आलं, आणि कांताने पुढची ओळ वाचली.

ओळी संपल्या तेव्हा तिने चष्मा काढून डोळे चोळले आणि वळली. पडद्यावर एक पांढरी रेघ संथपणे वर चढत होती, खाली उतरत होती. हितेंद्र मात्र पडद्याकडे बघत नव्हता.

"मावशी," तो म्हणाला, "मी एकदाही हं म्हणालो नाही."

शेफालीचा लॅपटॉप चालूच राहिला होता. त्यांनी तो लावून ऐकला. कांताचं वाचन, टपटप, थोडी शांतता, पुन्हा वाचन. शांततेत पंख्याच्या घरघरीशिवाय काही नव्हतं. शेफाली जरा मोकळी झाली. जुनी सवय असते, म्हणाली, कानच भरून घेतात. कांताने मान हलवली. पण तिला आता आठवत होतं ते वेगळंच. त्या हंचा आवाज. किंचित नाकातला, सर्दी झाल्यासारखा. असा होता होय. हे आपण विसरलो तरी कसं?

"आता बारसं करूया," ती म्हणाली.

हितेंद्रच्या पिशवीत कोरी कॅसेट होती, वरचा कागदही फाडलेला नव्हता. तो त्याने फाडला. कांताने माइक तोंडाशी धरला आणि नाव घेतलं, "भरती-ओहोटी." मग वायर जोडून प्रोग्रॅम उतरवला. उतरवलं की वाजवून बघायचं, ही या मंडळींची रीत. हितेंद्रने फीत मागे घेतली.

"भरती-ओहोटी," टेपमधून कांता म्हणाली.

"हं," टेपमधून कुणीतरी म्हणालं.

आणि किरकिर सुरू झाली.

ती संपली. शेफालीने लॅपटॉप मिटला. हितेंद्रचा हात परत ऐकायला बटणाकडे गेला, तिथेच थांबला, आणि त्याने तो मागे घेतला. श्वास असेल मावशी तुमचा, म्हणाला. माइक जवळ होता.

"असेल," कांता म्हणाली.

ती दोघं लवकरच निघाली. यंत्र न्यायला आली होती, ते टेबलावरच राहिलं. उद्या टेम्पोबरोबर बघू, असं काहीसं हितेंद्र जिन्यातून म्हणाला. शेफालीने मात्र उंबऱ्यात वळून विचारलं, आजच चला ना मावशी, माझ्याकडे राहा एक दिवस. कांताला तिची दया आली. जा गो, म्हणाली, मला सवय आहे.

त्यांची पावलं विरली. कांताने टीव्हीची, टेपची, यंत्राची पिन काढली, वायरी गुंडाळून ठेवल्या. ऊन टाइलांवरून उतरलं होतं. खाटेवर बसून तिने पाय वर घेतले. फार थकली होती ती. आजचं नव्हे, वर्षानुवर्षांचं.

"दमले हो मी," ती म्हणाली.

"हं."

ती घाबरली नाही. भिंतीला डोकं टेकून तिने डोळे मिटले. शेवंतीबाई मागच्याच महिन्यात गावी गेल्या, तिने सांगितलं. हं आलं. गिरणीच्या जागी उंच इमारती झाल्या, खालून बघताना मान दुखते. हं. ती सांगत गेली. इतक्या वर्षांचं साठलेलं. प्रत्येक वाक्यामागे तो नाकातला आवाज येत राहिला.

"उद्या सकाळी टेम्पो येणार," ती म्हणाली. "अनुजाकडे जायचंय."

काही आलं नाही.

ती थांबली. सवयीने थांबली. मग तेच जरा वेगळं करून सांगितलं. जवळच तर आहे अँटॉप हिल. खोली चांगली आहे, उजेड येतो.

पंखा फिरत राहिला.

"पोरीने खाट रिकामी केलीय माझ्यासाठी. तिला काय वाटेल?"

काही नाही.

खाली कुठेतरी मांजर ओरडलं आणि गप्प झालं. कांता बोचक्यांकडे बघत बसली. मग चुकलेली ओळ दुरुस्त करावी तशी हळूच म्हणाली,

"मग मी नाही जात."

"हं."

तिला हायसं वाटलं. उठून तिने पहिल्या बोचक्याची गाठ सोडली, पातेलं आणि पेला काढून जागेवर ठेवला. हंडा रिकामा होता. उद्या पाण्याचं काय करायचं, हे तिच्या मनात येऊन गेलं. दार उघडंच होतं. त्या उघड्या दारातून ओस मजला सरळ जिन्यापर्यंत दिसत होता.

"दाराला आतून कडी—"

"हं."

कांताचा हात पेल्यावरच राहिला. ओळ अजून तिच्या तोंडात होती, आणि अर्ध्या ओळीला सीतारामने कधी हं म्हटलं नव्हतं.