अर्ध्या ट्रॉलीचं लाकूड

पहिल्याच दिवशी मी त्याची ट्रॉली परत पाठवली... आणि तो चक्क हसला!

कागदाच्या कारखान्यात येणारं लाकूड फाटकावर तपासायचं, हे माझं काम. ओंडक्यावर साल राहिली तर कागदावर काळे ठिपके येतात. म्हणून साल दिसली की माल परत; लाकूड ओलं असलं तरी परत. तपासणीवाल्या बाई म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. आणि हा हसतोय!

"घरी कशाला नेऊ? इथेच सोलतो की," म्हणत स्वारी कोयता घेऊन फाटकाबाहेर बसली. दुपारभर निलगिरीचा वास दरवळत राहिला, आणि माझं लक्ष काही केल्या कामात लागेना.

मग तो दिवसाआड येऊ लागला. ट्रॉली दर वेळी अर्धीच.

"पूर्ण भरून आणायला काय होतं?"

"ट्रॅक्टर म्हातारा झालाय हो."

"आणि हा इस्त्रीचा शर्ट?"

"तो... ट्रॅक्टरलाच आवडतो."

मेला! मी हसू दाबलं, पण वजनकाट्यावरच्या काकांनी पाहिलंच.

परवा मात्र आला तो हसलाच नाही. "ही शेवटची खेप. सगळं रान तोडून झालं. आता बुंध्यांना नवे फुटवे येणार, ते वाढणार... चार वर्षांनी भेटू."

चार वर्षं! ओलावा मोजायचं यंत्र मी ओंडक्याला टोचलं. आकडा अगदी हवा तसा. तरी ठसक्यात म्हणाले, "लाकूड ओलं आहे. परत न्या."

"ओलं? महिनाभर उन्हात होतं! दाखवा बघू आकडा."

मी यंत्र पाठीमागे लपवलं. सहा वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं. डोळे भरूनच आले.

"कोरडंच आहे. खोटं बोलले मी. परत पाठवलं तर उद्या पुन्हा याल, म्हणून... तुम्ही येत नाही त्या दिवशी मला इथे करमत नाही हो."

त्याचे कान लालबुंद झाले. शेवटी मीच म्हणाले, "उद्या या. पण लाकूड नको... तुमच्या आईंना घेऊन या."

"उद्या कशाला? ती आजच निघेल," तो म्हणाला. "दोन महिने मागे लागलीय. म्हणते, एवढ्याशा लाकडाला तुला इतक्या खेपा का लागतात, ते मला एकदा बघून येऊ दे!"