डिनेओची रोझमेरी

घोड्यावर बसलेल्या माणसाने निदान आपला घोडा काय खातोय एवढं तरी बघावं! डिनेओ दारात आली तोवर कुंडीतली पार्सली देठापर्यंत फस्त झाली होती, आणि स्वार मजेत गुणगुणत डोंगर बघत होता.

"ओ अबुती, ओ दादा! कुरण नाही हे, कुंड्या आहेत माझ्या!"

"अरेच्चा... चुकलं, आउसी. पण घोड्याला पारख आहे हं, भलत्या दारात थांबत नाही तो."

तोंडाने 'आउसी', म्हणजे ताई, म्हणत होता, पण त्याची नजर डिनेओवरून हलेना. तिला राग आला, आणि मेलं हसूही आलं.

त्याचं नाव मोलेफी. भरपाई म्हणून रोज येऊ लागला, आणि डिनेओला मदत हवीच होती. सेमोनकाँग गावच्या लॉजमधल्या स्वयंपाकीणबाई मापालेसा, ज्यांना सगळे मानाने 'मे' म्हणजे आई म्हणत, तिला म्हणाल्या होत्या, "थंडी संपताना ताजी रोझमेरी आणून दाखव, लॉजच्या बागेचं काम तुझं." नाही जमलं तर दूर राजधानीतला, मासेरूचा कपड्यांचा कारखाना ठरलेला. त्या विचारानेच तिला रडू येई.

इथे, दक्षिण गोलार्धात, ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून दोघांनी डबे-कुंड्या उत्तरेच्या भिंतीशी ओढल्या, भोवती वाळकं गवत ठासलं. पाणी फक्त दुपारी, तेही घोटभर.

जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, भरदुपारी बर्फ सुरू झाला. मोलेफीने अंगावरचं ब्लँकेट ओढून काढलं आणि रोझमेरीवर घातलं. अशा थंडीत ब्लँकेट काढणारा वेडाच, नाहीतर...

"अरे, ब्लँकेटचे पट्टे आडवे आलेत! आडव्या पट्ट्यांनी वाढ खुंटते म्हणतात ना! उभे कर!"

"क-करतो... आधी दात तर थांबू देत."

"आणि तू गारठून मेलास म्हणजे?"

"तुला वाईट वाटेल?"

डिनेओने आपलं ब्लँकेट उघडून त्याला आत घेतलं. त्याची गार बोटं तिच्या मुठीत होती... तिने ती सोडली नाहीत.

ऑगस्टअखेर, थंडी सरताना, पुदिना वाळला होता, पण रोझमेरीच्या टोकाटोकाला कोवळे कोंब! कुंडी कवेत घेऊन डिनेओ थेट लॉजच्या स्वयंपाकघरात शिरली, मागोमाग मोलेफी. मे मापालेसांनी पान चुरडलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"हरले बाई मी! उद्यापासून ये."

सगळं स्वयंपाकघर ओरडलं. डिनेओ मोलेफीकडे वळली.

"मला तू हवास. तुझ्या काकांना लग्नाची बोलणी करायला पाठव आमच्याकडे."

"काका ना..." मोलेफी लाजून लाल झाला. "ते रविवारपासून कोटाला इस्त्री करून बसलेत!"