ताराचा आवाज

हे खरंच घडलंय. कोरगावात, गेल्या वैशाखात, भर दुपारी. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल हसावं. सिद्धी माझी सख्खी मावसबहीण, आणि ती उगाच शपथा घेणाऱ्यातली नाही.

काजूच्या कारखान्यातल्या बायका जेवायला घरी गेल्या होत्या. कचेरीत दोघंच. सिद्धी आणि मालक दत्तप्रसाद. सगळे त्यांना पात्रांव म्हणतात.

जुने कारकून शिवदासमामा त्याच आठवड्यात वारले होते. कॉम्प्युटरवर त्यांचं खातं अजून तसंच होतं. आपल्याकडे बारावं होईपर्यंत गेलेल्या माणसाची चप्पलसुद्धा कुणी हलवत नाही.

पण पात्रांवांना घाई.

"उद्या नवो क्लार्क येता. शिवदासाचा खाता काढून टाक."

सिद्धी खुर्चीतच मागे वळली.

त्या खात्यात एक गाणं होतं. मामांची लेक तारा दुसरीत असताना तापाने गेली. त्याआधी एकदा तिने कचेरीत बसून फुगडीचं गाणं म्हटलं होतं, ते मामांनी कॉम्प्युटरवर भरून ठेवलेलं. तेवढाच तिचा आवाज या जगात उरला होता.

आणि तिची आई, विमलाकाकी, सुतकात घराबाहेर पडू शकत नव्हती. आदल्या दिवशीच फोनवर म्हणाली होती, "बारावा झाला काय येतंय गो बाय. तोवर सांभाळ माझ्या चेडवाक." चेडू म्हणजे तिची लेक, म्हणजे ते गाणंच.

"पात्रांव, बाराव्यापर्यंत रवूया? निदान एक गाणा तरी काढून घेतंय."

"कॉम्प्युटर माझो मगे? की त्याच्याबरोबर तुकापण काढून टाकू?"

नोकरी नवी होती. सिद्धीने खातं काढायला घेतलं.

पडद्यावर विचारणा आली... फाइल्स ठेवायच्या, की काढायच्या?

तिने बाण 'ठेवा'वर नेला. मागून पात्रांवांचा हात आला. माउस 'काढा'वर सरकला आणि त्यांनी तिचंच बोट दाबलं.

"सगळा म्हटलंय मी."

गेलं.

मग... स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतला. गाणं सुरू करायच्या आधी लहान पोर घेतं, तसा.

गाणं आलंच नाही.

पडद्यावर नवं खातं उभं राहिलं. खाली नाव... तारा.

ते कुणीही उघडलेलं नव्हतं.

"ह्या कोणाचा? काढ!"

सिद्धीने हात मागे घेतला. पात्रांवांनी माउस ओढून घेतला आणि स्वतःच ते काढलं.

या वेळी विचारणा आली नाही.

बाहेर कावळे ओरडत होते... ते एकदम गप्प झाले.

आणि सिद्धीचा फोन वाजला. विमलाकाकी.

"सिद्धी... माझा चेडू बोलायचा कसा गो? आता जेवताना आठवण काढलंय तिची. तोंड हलता... आवाज नाय. माका हाक कशी मारायची ती? सांग मगे!"

तारा होती तेव्हा तिची हाक सिद्धीने ऐकली होती; तिने तशीच नक्कल केली. "आये... आये गे..."

काकीला ते ऐकूच गेलं नाही.

"सांग मगे, बाय. गप्प कित्याक तू?"

बारावं झाल्यावर काकी कचेरीत आली. स्पीकरला कान लावून बसली. त्याची वायर सिद्धीने केव्हाच काढून टाकली होती.

तरी सिद्धीला स्वच्छ ऐकू येत होतं.

"आये... आये गे... ओ दी मगे..."

अगदी काकीच्या कानाशी.

"तुका कायतरी आयकाक येता काय गो?"

"नाय काकी. काय नाय."

सिद्धीने ती नोकरी सोडली. पात्रांव मजेत आहेत, त्यांना काही झालं नाही. काकी मात्र दुपारची सिद्धीच्या घरी येऊन बसते. परवा मी तिथेच होतो. काकी उंबऱ्यात उभी राहिली, पदराने मान पुसत.

तिच्या पाठीमागून, कमरेएवढ्या उंचीवरून... मलाही ऐकू आलं.

रडून रडून बसलेला आवाज. अजून हाका मारणारा.

काकीने माझ्याकडे पाहिलं. "काय रे बाबा, असो कित्याक बघतंस?"

मी चहा पीत राहिलो.