बरणीत घालायचा हात

सुवर्णाबाईंनी वासझाकणांची जोडी विकत घेतली ती निव्वळ सुनेला तोंडघशी पाडायला. तेल परवडेनासं झाल्यापासून अख्खं राजापूर कैऱ्या मिठाच्या पाण्यात खारवून वर्षाची बेगमी करायचं. कैरी स्वस्त असायची चैत्र-वैशाखात काय ती. यांच्या घरी मात्र दरवर्षी अर्ध्या बरण्या नासायच्या, आणि खापर फुटायचं मृण्मयीच्या डोक्यावर.

“अडचणीत शिवली असशील,” सासूबाई म्हणायच्या. बाई संगणकशास्त्राची पदवीधर बरं का! मंगळावरच्या मातीबद्दल तासभर बोलतील, पण बरणीपाशी आल्या की पणजीपेक्षा सोवळ्या. दर महिन्याला मृण्मयीनं चार दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसायचं. तिला आता रागही येत नसे, शिसारी येई. आणि तिचा नवरा अमोघ? मान खाली घालून निमूट गिळायचा. शोभेचा बाहुला नुसता!

झाकणं दिसायला साधीच होती. माणसाच्या कातडीवर जंतूंची वस्ती असते, आणि ती ज्याची त्याची वेगळी. ज्याचा हात बरणीत जातो, त्याचे जंतू खारात वाढतात. त्यांच्या वासावरून झाकण माणूस ओळखतं आणि खार टिकेल की नासेल तेही सांगतं. आधी फक्त घरातल्या सगळ्यांचे तळहात त्याला हुंगवायचे.

सुवर्णाबाईंनी पहिल्या कैऱ्या दोन बरण्यांत भरल्या. एकीत स्वतःचा हात घातला. दुसरीत मृण्मयीला घालायला लावला, तोही मुद्दाम ‘त्या’ दिवसांत. पुरावा पक्का हवा होता ना!

आठवड्यानं एक झाकण लाल होऊन बोललं, “बुरशी. हात सुवर्णाचा.” दुसरं हिरवंगार. “खार उत्तम. मृण्मयीच्या हातावरचे जंतू बुरशीला थारा देत नाहीत.”

“बिघडलंय मेलं!” सुवर्णाबाई म्हणाल्या. झाकणांची अदलाबदल केली, तरी निकाल तोच.

एखादीला लाज वाटली असती. छे! दुसऱ्याच दिवशी हुकूम सुटला, “मृण्मयी, घरच्या सगळ्या बरण्यांत हात घाल. मग शेजारच्या परांजपेवहिनींकडे जाऊन ये, त्या वाट बघतायत.” मग आळीतल्या सगळ्याच वाट बघू लागल्या. विटाळाचं काय, असं तिनं विचारलं, तर म्हणे, “आता कसला विटाळ? जग कुठे चाललंय!” हे त्याच तोंडानं. वर आणखी, “साबण जपून लाव गं, जंतू मरतील.” अमोघनं तर तिच्यासाठी हातमोजे आणले, भांडी घासताना हात खराब होऊ नयेत म्हणून. भांडी घासायचं मात्र त्याच्या मनातही आलं नाही. हात मृण्मयीचा, पण तिला विचारतंय कोण?

हंगामातल्या शेवटच्या कैऱ्या आल्या, तेव्हा तिची पाळी होती. मृण्मयीनं चटई उचलली आणि आपणहून उंबऱ्याबाहेर जाऊन बसली.

“अगं ऊठ, कैऱ्या नासतील!”

“शिवू नका मला, आई. अडचण आहे.”

“हे काय आता नवीन? वर्षभराचं तोंडीलावणं आहे ते!”

“तुम्हालाही हात आहेत की. घाला.”

सुवर्णाबाई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. अमोघनं सवयीनं मान खाली घातली.

“आणि आई,” मृण्मयी म्हणाली, “पुढच्या वर्षी मी या घरात असेन की नाही, हे सांगितलंय का तुमच्या झाकणानं?”