गोट न लावलेली गोधडी

हिंगणघाटात सुलोचनाबाईंच्या गोधडीवर पाणी सांडलं, तर ते आत शिरण्याआधी परवानगी मागतं, असं लोक म्हणतात. लोकांचं काय घेऊन बसलात! पण बाईंचा टाका पक्का, एवढं मात्र खरं.

वणा नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर घराला लागून टिनाची शेड, शेडमध्ये मोटर लावलेली मशीन आणि दारातल्या खुर्चीवर नवरा, तानबा. गिरणीतून रिटायर झाल्यापासून तानबाकडे एकच काम उरलं होतं, बायकोच्या कामात खोड काढायचं. ते तो मन लावून करी.

त्या हिवाळ्यात वर्ध्याहून शरयू नावाच्या एका प्राध्यापिकेचा फोन आला. मुलाच्या टी-शर्टांची गोधडी हवी होती.

"होजिअरीचं कापड लई लबाड असते, मॅडम," बाई म्हणाल्या. "पण देतो करून. माप सांगा."

"कसलं माप?"

"पांघरणाऱ्याचं. उंचीएवढी, अन् वर पाय मुडपाले वीतभर. आमच्यात मापानंच शिवते गोधडी."

पलीकडून उत्तर आलं, "पाच फूट एक इंच."

टी-शर्ट कुरिअरनं आले. बाईंनी चौकोन कापले. विणीचं कापड ते. ओढलं की येतं, सोडलं की रुसतं. म्हणून प्रत्येक तुकड्याला मागून पेस्टिंगचं कडक अस्तर चिकटवून इस्त्री फिरवली, म्हणजे ताण मरतो. टोकदार सुई काढून बोथट टोकाची लावली, नाहीतर वीण तुटून भोकं पडतात. खाली जुनी सुती साडी, मधे कापसाचा पातळ थर, वर टी-शर्ट. मशीनच्या पायाचा दाब कमी केला, आणि कापडाला त्याच्या चालीनं जाऊ देत उभ्या रेघा मारल्या. राहिला फक्त गोट, चारी कडांना बांधायची पट्टी. तो उद्या लावू म्हणून बाईंनी गोधडी गुंडाळून ठेवली. टांगली नाही. टांगलेली होजिअरी लोंबते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी गोटाची पट्टी पुरेना.

"कापताना ध्यान कुठं होतं?" तानबानं विचारलं.

"तुमच्यावर. अजून कुठं राह्यणार?"

टेप लावून पाहिली. गोधडी चार बोटं वाढली होती.

"होजिअरी हाय ते, ताणनच," तानबा म्हणाला. "माह्या बनियनकडं पाह्य. घेतलं तवा कमरेवर होतं, आता गुडघ्याची ओळख काढून राह्यलं."

बाई हसल्या, पण त्यांचा हात कडेवरच राहिला. कापड लांबीत ताणलं की रुंदीत आखडतं. ही रुंदीतही वाढली होती. शिवाय सरळ टाका ताणत नाही, तुटतो. इथे एकही तुटला नव्हता. चष्मा चढवून बाईंनी एक रेघ टोकापर्यंत पाहिली. टाके कालच्याइतकेच बारीक, कालच्याइतकेच जवळ. त्यांच्या मशीनचा टाका किंचित डावीकडे कलतो. हे सगळे तसेच कललेले होते. म्हणजे गोधडीत टाकेच जास्त झाले होते.

"अवो, मशीनले हात लावला काय तुम्ही?"

"मी? मले पायजम्याची नाडी ओवता येत नाई!"

मग पौषातल्या दुपारी काही वेगळ्याच होऊ लागल्या. टिनाच्या भोकांतून उन्हाचे कवडसे गोधडीवर पडत आणि बाकीच्या शेडमधले सरकून गेले तरी तिच्यावरचे रेंगाळत राहत. जिनिंगच्या कारखान्याकडून उडत आलेला कापूस सगळीकडे बसे, फक्त तिच्यावर बसत नसे. बाईंचा मशीनवरच डोळा लागे. डुलकीत त्यांना खेळून आलेल्या पोराच्या मानेचा वास येई, धुळीचा आणि घामाचा, आणि जाग आली तरी तो बराच वेळ शेडमध्ये हिंडत असे. सावलीत ठेवलेली गोधडी हाताला कोमट लागे. भीती वाटावी असं त्यात काहीच नव्हतं, आणि त्याचीच बाईंना भीती वाटू लागली.

गोधडी वाढतच होती. शेवटी त्यांनी फोन लावला.

"मॅडम, एकदा येऊन जा. माप चुकलं, गोधडी वाढून राह्यली."

शरयू एसटीनं आली. शेडच्या दारात तिला वाकावं लागलं. बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि हातातली कात्री हळूच खाली ठेवली. माप हिचंच असं त्यांनी धरलं होतं, आणि ही बाई तर कुठूनही पाच फूट एक इंचाची नव्हती.

"माप कोनाचं दिलं तुम्ही?"

"मिहिरचं. माझ्या मुलाचं."

"थो कुठं हाय?"

"आठवीत होता. तापात गेला."

तानबाची खुर्ची करकरली.

"अगं माय," बाई पुटपुटल्या. "गेलेल्याच्या मापाचं शिवत नाई आमच्यात. माप दिलं म्हणजे बोलावणं दिलं. सांगाचं नाई काय?"

"तुम्ही पांघरणाऱ्याचं विचारलंत," शरयू म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "थंडी त्यालाच वाजते. मला कळतं ते. तो गेल्यापासून मी झोपलेली नाही, बाई."

तिनं गोधडीवरून हात फिरवला. चौकोनांवरून नव्हे, डोक्याशी, खांद्याशी, मग खाली गुडघ्याशी, प्रत्येक ठिकाणी थांबत.

"किती वाढली?"

"वीतभर. वरून दोन बोटं."

"बारावीत असता आता," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, ते बाईंना पाहवेना. "त्याचे बाबा उंच आहेत. अजून वाढेल."

"गोट लावला की थांबंल. चारही बाजू बांधल्या की विणीले जायले जागा राह्यत नाई."

"मग लावू नका."

"अन् कुठवर वाढू द्याची? पोरगं वाढते, मंग म्हातारंही होते."

"होऊ दे."

बाईंनी तानबाकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याच्यापाशी चेष्टा नव्हती. "बांध," तो म्हणाला. "बांधून दे, सुलोचना."

बाईंनी पट्टी घेतली. पायथ्याची कड मशीनच्या पायाखाली सरकवली आणि मोटर चालू केली.

सुई खाली आली. कड तिथे नव्हती.

ती आत गेली होती. झोपेत कुणी गार फरशीवरून पाय आखडून घ्यावा, तशी.

बाईंनी पुन्हा सरकवली. पुन्हा तेच. या वेळी मात्र कापडाला एक बारीक शहारा आला, आणि तो पायथ्यापासून वर, पार खांद्यापर्यंत गेला.

"त्याला टोचेल हो," शरयू म्हणाली.

बाईंनी मशीन बंद केली. गोधडी घडी करून तिच्या हातात दिली. घडी घालताना ती पूर्वीपेक्षा जड वाटली, पण हे त्या तानबाला बोलल्या नाहीत.

माघ संपता संपता बाई दोरे आणायला वर्ध्याला गेल्या. अर्धवट काम त्यांना टोचत होतं. पिशवीत गोटाची पट्टी, सुई, दोरा. हातानं का होईना, समजावून बांधून टाकू, असं मनाशी ठरवून त्या शरयूच्या घरी पोचल्या. दुपार होती.

दार उघडलं ती बाई ओळखू येईना. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. केसांना तेल होतं, गालांवर रंग होता.

"तुम्ही होय! या ना. जरा हळू बोला हं. आत्ताच डोळा लागलाय."

तिनं आतल्या खोलीचा पडदा सारला. खोलीत लिंबू रंगाचा मंद उजेड होता. पलंगावर गोधडी अंथरलेली, सपाट. खाली कुणी नव्हतं. बाईंनी दोनदा पाहिलं. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं मनाशी म्हणून त्यांना उलट हायसंच वाटलं.

गोधडी गादीच्या पुढे गेली होती. तिथे शरयूनं एक स्टूल लावून त्यावर उशी ठेवली होती.

"पलंग पुरत नाही आता," ती कुजबुजली.

बाईंनी पिशवीत हात घातला. पट्टी बोटांना लागली. त्या एक पाऊल पुढे झाल्या, आणि त्यांची नजर गोधडीच्या छातीपाशी गेली.

तिथे शाळेच्या बोर धरणाच्या सहलीचा टी-शर्ट होता. त्यावरचा रबरी छपाईचा वाघ धुऊन धुऊन तडकलेला. ताण पडला की अशा छपाईच्या भेगा रुंद होतात, ताण गेला की मिटतात.

वाघाच्या अंगावरच्या भेगा रुंद होत होत्या. मिटत होत्या. पुन्हा रुंद होत होत्या. सावकाश, गाढ झोपेतल्या श्वासासारख्या.

बाईंनी पिशवीतून हात मागे ओढला, आणि बांगड्या वाजल्या.

भेगा उघडल्या होत्या तशाच थांबल्या.