मास्तरांचा पाय

ब्रेक-क्लचच्या खाली बोटभर जाडीची पट्टी बसवणं सक्तीचं झालं, तेव्हा कराडात आधी तिची थट्टाच झाली. सरकारनं तिचं नाव पादलेख ठेवलं होतं. चालवणाऱ्याचा पाय कधी आला, किती दाबला, किती वेळ नुसता टेकला, हे सगळं ती टिपून ठेवी. प्रत्येकाच्या पायाची ढब हस्ताक्षरासारखी वेगळी, त्यामुळे घरातली गाडी कोण पळवून गेलं होतं हे लपेनासं झालं आणि दोन-चार घरांत त्यावरून चांगली जुंपली.

हणमंत डुबल मात्र या पट्टीवर खूश होते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली होती आणि शिकवणीच्या गाडीला एकदाही ठोकर बसलेली नव्हती. ही गोष्ट त्यांनी आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतली होती, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायचे. आता यंत्रच आपली साक्ष देईल, असं त्यांना वाटत होतं. म्हणून परिवहन कार्यालयातून बोलावणं आलं तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

व्हरांड्यात वैजयंता पिसाळ बसली होती, त्यांची तीन वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. आठ दिवसांपूर्वी तिच्या गाडीनं सायकलवरच्या कुंभार अण्णांना उडवलं होतं. अण्णांचा जीव वाचला, पण गुडघ्याचा चुरा झाला. वैजयंताचा परवाना कायमचा जाणार होता, आणि शाळेची मुलं ने-आण करण्यावर तर तिचं घर चालत होतं.

ती उठून मास्तरांच्या पाया पडली. "मास्तर, तुमचं नाव घालवलं मी."

"असू दे," ते म्हणाले. पण तेवढ्यावर थांबवेना. "शिकवलेलं इसरलीस कशी गं? माझ्या हाताखाली असताना कधी चुकली नाहीस."

ती परत बाकावर जाऊन बसली.

आत निरीक्षक तांबोळी बाईंनी पडद्यावर वैजयंताच्या गाडीतल्या पट्टीनं टिपलेली रेघ दाखवली. "अण्णा दिसल्याबरोबर हिचा पाय ब्रेकवर आलाय. अगदी वेळेवर. पण दाबला नाही. सहा दशांश सेकंद नुसता टेकून राहिला."

"घाबरली असंल."

"आम्हालाही आधी तसंच वाटलं. मग टेकून थांबायची हीच खोड आणखी कुणात आहे ते यंत्राला शोधायला लावलं. राज्यभरातून तीनशे बारा नावं आली. सगळी तुमच्या स्कूलची. पन्नासच्या वेगाला तेवढ्या वेळात गाडी आठ मीटर पुढं जाते. मास्तर, ही माणसं कुणाची वाट बघतात?"

डुबलांचा पाय खुर्चीखाली आपसूक हलला, आणि त्यांना कळलं. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा पाय टेकतो न टेकतो तोच डुबल आपला ब्रेक दाबत. एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून त्यांनी हेच केलं होतं. गाडी थांबे, शिकणाऱ्याला वाटे आपणच थांबवली, आणि महिन्याभरात हातात परवाना. पाटीवरचा सगळा मोठेपणा त्यांच्या एकट्याच्या पायाचा होता. पायांना त्यांनी एवढंच शिकवलं होतं, की टेकवा, पुढचं मास्तर बघतील.

मघाशी व्हरांड्यात आपण त्या पोरीला काय बोललो ते आठवून त्यांचे कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

"शिकवणाऱ्यावर कायद्यात अजून कलम नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही लेखी दिलंत तर तिचा दोष हलका होईल. नाही दिलंत तर तुम्हाला कुणी विचारणार नाही."

पाटी पुसावी लागेल, गाव काय म्हणेल, हेच आधी डुबलांच्या मनात आलं, आणि त्याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. त्यांनी कागद ओढला. 'ब्रेक मी दाबत होतो. हिला मी तो शिकवलाच नाही,' असं लिहून सही केली. मग वैजयंताला आत बोलावून तेच तिला तोंडावर सांगितलं.

तिनं विचारलं, "म्हणजे तुमच्याकडं असताना मी गाडी कधी थांबवलीच नव्हती?"

"न्हाई," ते म्हणाले. नजर वर करणं त्यांना जमलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी बाकीच्यांची यादी मागून घेतली. प्रत्येकाला आजच कळवायचं, परत बोलावायचं, दुसरा ब्रेक काढून टाकलेल्या गाडीत नव्यानं शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ज्यांचा पाय सगळ्यात जास्त थांबतो त्यांची नावं वर होती, आणि पहिलंच नाव त्यांच्या लेकीचं होतं. अश्विनी. नऊ दशांश सेकंद. तिला शिकवताना ते सगळ्यात जास्त जपत होते.

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. या वेळेला अश्विनी मुलीला शाळेतून घेऊन हायवेनं घरी निघालेली असे. डुबलांनी फोन काढला, नाव शोधलं, आणि अंगठा तिथंच अडला. फोन वाजला तर तिची नजर रस्त्यावरून हलणार. आणि नाही वाजला, अन् एवढ्यात कुणी आडवं आलं, तर टेकलेला तो पाय कुणाची वाट बघेल?